नागसेनवनाचे ऋण कोण फेडणार?

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीच्या वेशीला वडपे हे गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा, कंटेनरची वर्दळ आणि दिवस-रात्रीच्या पाळ्या, असे या पट्ट्याचे आजचे रूप. वडप्यापासून जवळच्या आमणे येथे समृद्धी महामार्ग येऊन मिळाला आहे. ५ जून २०२५ रोजी त्याचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. या रस्त्याचे दुसरे टोक दीक्षाभूमीच्या नागपुरात आहे आणि वाटेत औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर लागते. त्या शहरात बाबासाहेबांनी उभे केलेले नागसेनवन आहे. म्हणजे भिवंडी तालुक्यातल्या आपल्या पोराच्या दारातून निघालेला रस्ता थेट मिलिंद महाविद्यालयाच्या गावी जातो. रस्ता झाला. पण त्या रस्त्याने माल जाणार की विद्यार्थी, हा प्रश्न आमच्यासमोर आहे.

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण असे की, १९५० साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाला २०२५ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अशा वेळी माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात, शाली-श्रीफळे दिली जातात, कोण सचिव झाला, कोण कुलगुरू झाला याच्या याद्या वाचल्या जातात. यात गैर काही नाही. हजारो वर्षे ज्यांना अक्षर नाकारले, त्यांनी आपल्या पदव्यांचा अभिमान मिरवलाच पाहिजे. मात्र कर्तृत्वाची यादी वाचून झाल्यावर त्या कर्तृत्वाचे देणे कोणाचे लागते, हेही विचारले पाहिजे. यादी वाचणारे पुष्कळ आहेत, हिशेब मांडणारे थोडे.

आधी थोडा इतिहास. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही लष्कराच्या रिकाम्या बराकींत. त्यानंतर चार वर्षांनी बाबासाहेबांची नजर मराठवाड्याकडे वळली. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. निजामाची राजवट नुकतीच संपली होती. उच्च शिक्षणासाठी हैदराबादला जावे लागे, आणि गावकुसाबाहेरच्या पोराला हैदराबाद म्हणजे चंद्राइतके दूर. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे विद्यापीठ येण्याच्या आठ वर्षे आधी बाबासाहेबांनी तिथे कॉलेज काढले होते! १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. देशाचा कायदेमंत्री संविधान देऊन झाल्यावर, हिंदू कोड बिलाच्या झुंजीत अडकलेला असतानाही एका मागास भागातल्या लहानशा कॉलेजच्या जागेची, झाडांची आणि प्राध्यापकांची काळजी करत होता. यातून कॉलेजला बाबासाहेब किती मोल देत होते ते कळते.

कॉलेजला पुढे त्यांनी नाव दिले तेही विचारपूर्वक. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. विद्वान आणि वादपटू. भिक्खू नागसेनाशी त्याने वाद घातला आणि उत्तरे पटल्यावर आपला पराभव मोकळ्या मनाने मान्य केला. राजाला हरवू शकणारा भिक्खू आणि हार कबूल करणारा राजा, या दोघांची नावे बाबासाहेबांनी कॉलेजला आणि परिसराला दिली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत, शिक्षकाने उत्तर द्यावे आणि सत्य पटल्यावर अहंकार सोडावा, एवढा मोठा अभ्यासक्रम या दोन नावांत आहे.

अशा कॉलेजात शिक्षकही तसेच आले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे नाव मिलिंदच्या पहिल्या पिढीच्या ओठांवर कायम राहिले. त्यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांसमोर सादर झाले आणि १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. कॉलेजचे प्राचार्य नाटक लिहितात आणि ज्यांच्या बापजाद्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही ती पोरे रंगमंचावर उभी राहतात, हे दृश्य त्या काळी क्रांतीपेक्षा कमी नव्हते. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात मधू दंडवते भौतिकशास्त्र शिकवत होते. हेच दंडवते पुढे १९७७ मध्ये देशाचे रेल्वेमंत्री झाले. बाबासाहेबांच्या कॉलेजचे दार सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना उघडे होते आणि शिक्षक निवडताना जात पाहिली जात नव्हती. ‘ही त्यांची कॉलेजे’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग आले डॉ. म. ना. वानखेडे. ते अमेरिकेत शिकून आले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. येताना त्यांनी पदवीबरोबर आणखी एक गोष्ट आणली. अमेरिकेतला काळा माणूस आपल्या वेदनेचे साहित्य कसे करतो, ही जाण. १९६७ मध्ये मिलिंदच्या परिसरात ‘अस्मिता’ हे त्रैमासिक निघाले आणि पुढे त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. मराठीचे प्राध्यापक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते सुमारे अर्धशतक चालवले. आज ज्या दलित साहित्याचे भाषांतर जगातल्या अनेक भाषांत होते, त्यातल्या कितीतरी कवी-कथाकारांचे पहिले अक्षर या अंकांत छापले गेले. पानतावणे सरांना २००९ साली अमेरिकेतील सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २०१८ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले. एका लहान कॉलेजातला मराठीचा मास्तर पदरमोड करून एक नियतकालिक चालवतो आणि त्यातून एका भाषेचे साहित्य कूस बदलते! प्रस्थापितांच्या मोठमोठ्या विद्यापीठांना जे जमले नाही, ते नागसेनवनात घडले.

विद्यार्थ्यांकडे वळू. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूर या खेड्यातला एक मुलगा मिलिंदमध्ये बी.ए. झाला. तो म्हणजे डॉ. सुखदेव थोरात. २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशातल्या सर्व विद्यापीठांच्या नाड्या ज्या खुर्चीच्या हाती, त्या खुर्चीवर मिलिंदचा विद्यार्थी बसला, हा अभिमानाचा भाग झाला. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते दुसरेच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना कसे वागवले जाते याची चौकशी करायला समिती नेमली गेली, तेव्हा तिचे अध्यक्ष थोरात होते. २००७ मध्ये अहवाल आला आणि देशातल्या सर्वांत नामांकित वैद्यकीय संस्थेच्या वसतिगृहात, वर्गात, परीक्षेत जात कशी वावरते ते कागदावर आले. खुर्ची मिळाल्यावर खालच्या पायरीवरच्या पोराकडे वळून पाहणे, याला आम्ही माजी विद्यार्थ्याचे कर्तृत्व म्हणतो.

आता एका अशा माणसाची आठवण, ज्याने मिलिंदमध्ये एक तासही शिकवला नाही. निपाणीचे बळवंतराव वराळे हे बाबासाहेबांचे निकटचे सहकारी. बाबासाहेबांच्या शब्दाखातर ते घरदार, गाव सोडून औरंगाबादला आले आणि कॉलेजच्या कार्यालयाचा कारभार त्यांनी अंगावर घेतला. फी, दाखले, हजेरीपट, वसतिगृह, बांधकामाचे हिशेब या कामांना टाळ्या पडत नाहीत. पण कॉलेज याच कामांवर उभे राहते. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे नातू न्यायमूर्ती प्रसन्न वराळे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. बाबासाहेबांनी आपल्या आजोबांना औरंगाबादला बोलावले नसते तर आपण इथवर आलो नसतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. आजोबा कॉलेजच्या कचेरीत आणि नातू देशाच्या सर्वोच्च न्यायपीठावर, मध्ये फक्त दोन पिढ्या! शिक्षणाने काय होते असे विचारणाऱ्यांना एवढे एक उत्तर पुरेसे आहे.

कॉलेजने केवळ नोकरदार घडवले असे म्हणणाऱ्यांनी नामांतराचा लढा आठवावा. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. सोळा वर्षे लढा चालला. गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या सोळा वर्षांत नागसेनवनातली वसतिगृहे चळवळीची छावणी होती. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचेही तेच. १९७२ मध्ये जन्मलेल्या दलित पँथरच्या कितीतरी रात्री तिथल्या खोल्यांत जागल्या गेल्या. परीक्षेचा अभ्यास आणि मोर्चाची पत्रके एकाच कंदिलाखाली लिहिणारी ती पिढी होती. त्यातल्या अनेकांची वर्षे वाया गेली, पदव्या राहून गेल्या. मेळाव्यातल्या गौरव यादीत त्यांची नावे नसतात. आमच्या मते ती आधी हवीत.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती तेव्हा त्यांनी आपली लहान कॉलेजे उभी केली. अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात १९४४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला आणि १९४८ मध्ये पदवीधर झाला. तो मार्टिन ल्यूथर किंग. कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांना तो आयुष्यभर गुरू मानत आला. १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या अंत्यविधीला निरोपाचे भाषण याच वृद्ध गुरूला करावे लागले. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन या प्राध्यापकाने कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवले की वकिलाने समाज बदलला पाहिजे. त्यांचा विद्यार्थी थर्गुड मार्शल याने १९५४ साली शाळांतला वर्णभेद न्यायालयात पाडला आणि १९६७ मध्ये तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश झाला. जिथे मोठी दारे बंद असतात तिथे लहान कॉलेज इतिहास घडवते, याचा हा पुरावा. आणि त्या लोकांनी आपल्या कॉलेजांचा इतिहास जपला, शिक्षकांची चरित्रे लिहिली, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांनी कॉलेजे जगवली.

गुरूचे स्मरण कसे करावे हे तर बाबासाहेबांनीच शिकवले आहे. मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी बुद्धचरित्र ठेवले, हे बाबासाहेब विसरले नाहीत. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली तेव्हा ते अमेरिकेला निघाले होते. गुरू जॉन ड्यूई यांना भेटण्याची ओढ होती. पण १ जूनला ड्यूई गेले. आपल्या बौद्धिक जीवनाचे सारे श्रेय ड्यूईंना आहे, अशा अर्थाचे त्यांनी माईसाहेबांना कळवले. ज्याच्यापुढे सारे जग विद्वान म्हणून झुकले, तो माणूस साठीच्या उंबरठ्यावर आपल्या मास्तरांच्या आठवणीने व्याकूळ होतो. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्या किती पदवीधरांना आज आपल्या पहिल्या प्राध्यापकाचे पूर्ण नाव सांगता येईल?

येथे आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. १९५० साली मिलिंदमध्ये पाऊल ठेवणारा विद्यार्थी आज नव्वदीत आहे. त्या पिढीतले बहुतेक निघून गेले. जे उरले आहेत त्यांच्या आठवणी कोणी लिहून घेतल्या का? कोणत्या गावातून, कोणाच्या गाडीतून, किती पैसे घेऊन ती पोरे आली, खाणावळीचे पैसे कोणी भरले, आईने कोणता दागिना मोडला, हे सारे त्यांच्याबरोबर जाळले जाणार आहे. सवर्णांच्या कॉलेजांची शताब्दी होते तेव्हा जाडजूड ग्रंथ निघतात. आपल्याकडे पुतळ्याला हार घातला की स्मरण संपते. बाबासाहेबांनी गोळा केलेल्या हजारो पुस्तकांचा वारसा सांगणाऱ्या समाजाला हे शोभत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. उद्याच्या आठवणींचे काय? महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत पूर्णवेळ प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. तासिका तत्त्वावर, तासागणिक मोबदल्यावर, नेट-सेट झालेले, पीएच.डी. केलेले आपले तरुण शिकवत आहेत. दर जूनला नवी नेमणूक, सुट्टीत पगार नाही, मानधनही वेळेवर नाही. ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो विद्यार्थ्याच्या घरची विचारपूस कधी करणार? त्याला पुस्तक कधी देणार? नियतकालिक कधी चालवणार? चिटणीस, वानखेडे, पानतावणे घडायला विद्वत्ता लागते, तशीच वीस-पंचवीस वर्षांची स्थिर खुर्चीही लागते. सरकार पदे भरत नाही तेव्हा फक्त पगार वाचवत नाही, तर आपल्या पोरांचे गुरू मारते. आणि पदे रिकामी राहिली की त्यात आरक्षणाची पदेही बुडतात, हे वेगळे सांगायला नको.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा पाया १९४४ साली घातला गेला, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि त्यांनी भांडून सरकारकडून दलित विद्यार्थ्यांसाठी पैसा मिळवला होता. २०२१ पासून या योजनेचा भार केंद्राने साठ आणि राज्याने चाळीस टक्के उचलायचा असे ठरले. कागद चोख आहे. पण पैसा वर्ष संपत आल्यावर खात्यात येतो आणि तोवर विद्यार्थ्याने खायचे काय? वसतिगृहात जागा नाही मिळाली तर स्वाधार योजना आहे, तिचेही हप्ते थकतात. याच उशिराने वडप्यापासून वाशिंदपर्यंतची आपली पोरे गोदामाच्या पाळीवर जातात. तिथे महिन्याला रोख पगार मिळतो. बारावी झालेला मुलगा म्हणतो, ‘फी भरायची सोय झाली की जाईन कॉलेजला.’ ती सोय होत नाही आणि पोरगा स्कॅनर हाती घेऊन खोकी मोजत राहतो. कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. बाबासाहेबांनी गिरणी कामगारांत आयुष्य घालवले. पण ज्याच्या डोक्यात प्राध्यापक होण्याची कुवत आहे त्याने केवळ चार-पाच हजार रुपयांअभावी खोकी उचलावीत, हा त्या पोराचा नव्हे, समाजाचा पराभव आहे.

आणि शिकलेले काय करतात? १९५६ च्या मार्च महिन्यात आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांनी आपली निराशा केली म्हणून बाबासाहेबांचे डोळे भरून आले होते. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी प्रत्येकाला आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. आज आपल्यात अधिकारी आहेत, डॉक्टर आहेत, परदेशी स्थायिक झालेले अभियंते आहेत. विसावा भाग राहू द्या, शंभरावा भाग जरी आपल्या जुन्या कॉलेजच्या खाणावळीला गेला तरी एकही पोरगा उपाशी बसणार नाही. काही माजी विद्यार्थी हे इमानाने करतात, त्यांना आमचा जयभीम. परंतु बहुतेकांनी वस्ती सोडली, आडनाव बदलले आणि कॉलेजचे नाव फक्त बायोडाट्यात ठेवले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कारभारावरून वर्षानुवर्षे वाद आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. नेते गटांत वाटले गेले. त्या वादात कोण बरोबर हे न्यायालय ठरवेल. पण भांडण सोडवायला माजी विद्यार्थ्यांचा एकजुटीचा दबाव उभा राहिला नाही, हे मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. पहिले, मिलिंद आणि सिद्धार्थच्या माजी विद्यार्थ्यांनी जुन्या पिढीच्या आठवणी याच वर्षी लिहून आणि ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात. त्यात शिपाई, कारकून, स्वयंपाकी, वसतिगृहाचे अधीक्षक यांनाही स्थान असावे. दुसरे, प्रत्येक जिल्ह्यातल्या माजी विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती येईपर्यंतची तूट भरून काढणारा बिनव्याजी निधी उभारावा. शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने रक्कम परत करावी म्हणजे निधी फिरता राहील. तिसरे, रिकाम्या पदांसाठी तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचा लढा हा आपलाच लढा मानून संघटनांनी रस्त्यावर उतरावे.

आणि चौथे काम वडप्याने, भिवंडी तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीने करायचे आहे. विहाराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांचे फलक असतात. त्यांच्या शेजारी आणखी एक फलक लावा. वस्तीतून पहिल्यांदा पदवीधर झालेल्या मुलामुलींची नावे त्यावर लिहा. त्यांच्या कॉलेजचे नाव लिहा आणि ज्या शिक्षकाने हात दिला त्याचेही नाव लिहा. खाली जागा मोकळी ठेवा. वंदनेला आलेल्या लहान पोरीने ती मोकळी जागा पाहावी आणि आईला विचारावे की इथे कोणाचे नाव येणार? त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी आजच सुरू करू या.

जयभीम!